प्रत्येक पेशीकडे पूर्ण प्रत

एका फलित अंड्याच्या दोन पेशी होतात, दोनांच्या चार, चारांच्या आठ. असे करत करत काही महिन्यांत हाडे, मेंदू, कातडी, डोळ्यांतली स्वच्छ पारदर्शक भिंगे असे सगळे तयार होते. हे घडवायचे कसे, याची आनुवंशिक माहिती त्या पहिल्या पेशीतच असते. मग ती पुढच्या पेशींमध्ये वाटली कशी जाते?

मनात पहिल्यांदा येते ते वाटणीचे उत्तर. वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडत जावेत तसे माहितीचेही तुकडे पडत असणार: डोळ्यांच्या पेशींना डोळ्यांपुरती माहिती, यकृताच्या पेशींना यकृतापुरती. शाळेत असताना मीही हेच धरून चाललो होतो आणि मला कोणी टोकले नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठे जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमन यांनीही साधारण असाच सिद्धांत मांडला होता. वाढणाऱ्या गर्भात प्रत्येक विभाजनाबरोबर माहिती वाटली जाते आणि ती पूर्ण उरते फक्त अंडी व शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत, असे त्यांचे म्हणणे होते. १८८८ मध्ये विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तर उरलेल्या पेशीतून अर्धाच गर्भ वाढला. वाटणीचा सिद्धांत जणू सिद्धच झाला.

पण रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती. पुढे हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री प्राण्याचा दोन पेशींचा गर्भ घेतला आणि हलवून हलवून त्या पेशी पूर्णपणे सुट्या केल्या. प्रत्येक पेशीतून अख्खी अळी तयार झाली. आकाराने लहान, पण कुठलाही भाग कमी नसलेली.

तरी शंका राहतेच. दोन पेशींच्या टप्प्यावर वाटणी सुरू झाली नसेल, नंतर होत असेल. तिचे उत्तर जॉन गर्डन यांच्या प्रयोगांनी दिले. त्यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक काढले आणि स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात ते बसवले. आतड्याची पेशी म्हणजे कामाला लागलेली, पूर्ण घडलेली पेशी. बहुतेक प्रयत्न फसले, पण काही अंड्यांतून पोहणारे बेडूकमासे निघाले आणि त्यांतले काही मोठे होऊन धडधाकट बेडूक झाले. हे निष्कर्ष १९६२ पासून पुढे प्रसिद्ध होत गेले. आतड्याच्या पेशीकडे डोळे, पाय, हृदय, कातडी या सगळ्याची माहिती जशीच्या तशी होती, फक्त ती वापरात नव्हती. १९९६ मध्ये मेंढीच्या स्तनग्रंथीतल्या पेशीपासून जन्मलेली डॉली हा त्याच युक्तिवादाचा सस्तन प्राण्यांतला पुरावा. २७७ प्रयत्नांत एक डॉली जगली हेही लक्षात ठेवायला हवे, कारण माहिती पेशीत असणे आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणे यांत किती अंतर आहे ते त्या आकड्यातून कळते.

तर वाटणी होत नाही. प्रत्येक पेशीला पूर्ण प्रत मिळते. हे एकदा स्वीकारले की तीन प्रश्न उरतात: एवढी मोठी प्रत एवढ्याशा जागेत राहते कशी, तिची नक्कल होते कशी, आणि सगळ्यांकडे तेच लिखाण असताना पेशी वेगवेगळ्या होतात कशा.

चार अक्षरे, दोन मीटर

प्रत लिहिलेली असते डीएनए नावाच्या रेणूवर. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींतून तो पहिल्यांदा वेगळा केला, पण पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे त्याला कोणी फारशी किंमत दिली नाही. त्याची रचना फारच साधी वाटत होती. आनुवंशिक माहिती असलीच तर प्रथिनांत असणार, असा बहुतेकांचा अंदाज होता, कारण प्रथिने वीस प्रकारच्या घटकांची बनतात आणि डीएनएत तर फक्त चार. या आक्षेपातली चूक आज सहज दिसते. मजकूर किती गुंतागुंतीचा होऊ शकतो हे अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही, त्यांच्या क्रमावर आणि लांबीवर ठरते. संगणक तर दोनच चिन्हांवर चालतो.

ही चार अक्षरे म्हणजे चार रसायने: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. सोयीसाठी ए, टी, जी, सी. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेले दोन धागे. एका धाग्यावर ए असेल तर समोर टीच येतो, जी असेल तर सीच. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत मिळालेली क्ष-किरण छायाचित्रे आणि एर्विन शारगाफ यांनी मोजलेली रसायनांची प्रमाणे हाताशी होती. त्यांच्या आधारावर वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली. फ्रँकलिन यांच्या कामाचे श्रेय त्यांना हयातीत पुरेसे मिळाले नाही, ही या कथेतली खटकणारी बाजू.

या रचनेतली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे एका धाग्यावरून दुसरा ओळखता येतो. ‘एटीजीसी’ असे लिहिलेले दिसले की समोर ‘टीएसीजी’ असणार हे न पाहता सांगता येते. म्हणजे प्रत्येक मजकूर दोनदा लिहिलेला आहे, एकदा सरळ आणि एकदा साच्यासारखा उलटा. एक धागा खराब झाला तरी दुसऱ्याकडे बघून दुरुस्ती करता येते. पेशी हे रोज करते. सूर्यप्रकाश, पेशीतलीच रसायने, साधी उष्णता यांनी प्रत्येक पेशीतल्या डीएनएला दिवसाकाठी हजारो ठिकाणी इजा होते आणि त्यांतली जवळजवळ सगळी दुरुस्त होते.

आता लांबी. माणसाच्या एका संचात सुमारे ३.१ अब्ज अक्षरे आहेत, आणि बहुतेक पेशींत असे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पानावर तीन हजार अक्षरे छापली, तर एका संचाचीच दहा लाखांहून जास्त पाने होतील. संगणकाच्या मोजमापात मात्र तेवढा मजकूर पाऊण गिगाबाइटच्या आसपास बसतो, म्हणजे फोनमधल्या एखाद्या मध्यम लांबीच्या चित्रपटाएवढा. हा आकडा मला नेहमी थोडा अस्वस्थ करतो.

एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास मिलीमीटरच्या दीडशेव्या भागाच्या आसपास. नुसता कोंबला तर गुंता होईल आणि हवे ते पान सापडणार नाही. म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनांची छोटी रिळे असतात. दर रिळाभोवती १४७ अक्षरांचा धागा पावणेदोन फेऱ्यांहून किंचित कमी गुंडाळलेला असतो, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचे रीळ. एका पेशीत अशी सुमारे तीन कोटी रिळे असतात. पेशी विभागायच्या वेळी ही माळ आणखी घट्ट होते आणि सूक्ष्मदर्शकात जाडसर काड्यांसारखी दिसते. पाठ्यपुस्तकात काढलेली ४६ गुणसूत्रे ती हीच. एरवी ती अशी दिसत नाहीत, पसरलेली असतात. हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

या रिळांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. साठवण्याची ही पद्धत पुढे वाचण्याचीही पद्धत ठरते.

प्रत आणि उतारा

मूळ प्रत केंद्रकातच असते, ती बाहेर जात नाही. पेशीला एखादे प्रथिन हवे असले की डीएनएवरचा तेवढाच भाग उघडला जातो आणि त्याचा उतारा काढला जातो. हा उतारा आरएनए या जवळच्या नात्यातल्या रेणूवर असतो. त्यात टीच्या जागी यू येतो, धागा एकच असतो आणि आयुष्य थोडे, काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत. उतारा केंद्रकाबाहेर रायबोसोम नावाच्या यंत्रणेकडे जातो. तिथे अक्षरे तीन-तीनच्या गटात वाचली जातात आणि प्रत्येक गटाला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या वीस घटकांतला एक, जोडले जाते. अमिनो आम्लांची साखळी घडी पडून प्रथिन होते.

तीनच का? चार अक्षरांचे दोन-दोनचे गट केले तर सोळाच जोड्या होतात आणि अमिनो आम्ले आहेत वीस. तीन-तीनचे केले तर ६४ गट होतात, गरजेपेक्षा जास्तच. म्हणून बहुतेक अमिनो आम्लांना एकाहून अधिक गट आहेत आणि तीन गटांचा अर्थ ‘इथे थांबा’ असा आहे. कोणत्या गटाचा अर्थ काय, हा कोश उलगडायला १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी सुरुवात केली. हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत बांधून त्यातले बरेच अर्थ पक्के केले. निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

तीनच्या गटांत वाचण्याचा परिणाम काय होतो, ते मराठीतच करून बघू. हे तीन-तीन अक्षरी शब्द घ्या:

कमळ बदक गवत नजर

एक अक्षर बदलले, ‘बदक’चे ‘बदल’ झाले, तर बाकी ओळ शाबूत राहते. अर्थ एका जागी बिघडतो. पण दुसरे अक्षर, म्हणजे ‘म’, गळाले आणि वाचणारा तीन-तीनच वाचत राहिला तर?

कळब दकग वतन जर

तिथून पुढचे सगळे निरर्थक. मध्येच ‘वतन’ हा शब्द योगायोगाने जुळून आला आहे, आणि पेशीतही असेच होते: घसरलेल्या वाचनात योगायोगाने ‘थांबा’चा गट येतो आणि प्रथिन अर्ध्यात तुटते. त्यामुळे अक्षर गळणे हे सहसा अक्षर बदलण्यापेक्षा जास्त नुकसान करते. सहसा म्हणतो, कारण एका अक्षराचा बदलही पुरेसा ठरू शकतो. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात, म्हणजे ते प्रथिन कसे बनवायचे हे लिहिलेल्या डीएनएच्या भागात, ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ आलेले असते. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन बसते, हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटतात आणि गोल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात.

हा कोश जवळजवळ सगळ्या सजीवांत एकच आहे. म्हणूनच माणसाचे इन्सुलिनचे जनुक जिवाणूत घातले की जिवाणू ते बिनचूक वाचतो. १९८२ पासून मधुमेहींना असे इन्सुलिन औषध म्हणून मिळते आहे.

डीएनएला ‘आराखडा’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही. आराखड्यात घराचे चित्र असते, कुठे दार आणि कुठे खिडकी ते बोट ठेवून दाखवता येते. डीएनएत नाकाचे चित्र कुठेही नाही. आहेत ती प्रथिनांची सुमारे २०,००० जनुके, आणि ती सगळी मिळून एकूण अक्षरांच्या दोन टक्क्यांहून कमी जागा घेतात. उरलेल्यातला काही भाग कोणते जनुक कधी वाचायचे हे ठरवतो, आणि बराच भाग जुन्या पुनरावृत्तींचा आहे. कांद्याच्या पेशीत आपल्यापेक्षा सुमारे पाचपट डीएनए असतो, तेव्हा नुसत्या लांबीवरून फुशारकी मारण्यात अर्थ नाही. नाक तयार होते ते हजारो पेशींनी आपापल्या जागी आपापले उतारे वाचल्यामुळे.

समासातल्या खुणा

मग यकृताची पेशी यकृताचेच उतारे का काढते?

डीएनएच्या विशिष्ट अक्षरक्रमांना जाऊन चिकटणारी काही प्रथिने असतात. ती चिकटली की शेजारचे जनुक वाचले जाते किंवा बंद राहते. पेशीत अशी कोणती प्रथिने आहेत यावर तिचे वाचन ठरते. ही प्रथिनेही जनुकांचीच उत्पादने असल्यामुळे एक चक्र तयार होते: यकृताची पेशी जी प्रथिने बनवते तीच तिला यकृताचे उतारे काढायला लावत राहतात. सुरुवातीचा धक्का शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांचा असतो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या कातडीतल्या पेशींत अशी फक्त चार प्रथिने तयार करायला लावली आणि त्या पेशी पुन्हा गर्भातल्यासारख्या, काहीही होऊ शकणाऱ्या मूलपेशींसारख्या झाल्या. पेशीची स्वतःची जनुके तीच राहिली होती, बदलले होते ते त्यांचे वाचन.

याखेरीज खुणा असतात. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने खूण करावी तशी. डीएनएच्या सी या अक्षराला एक छोटा रासायनिक गट, मिथाइल, जोडला जातो आणि तो भाग सहसा वाचायचा बंद होतो. रिळांवरही वेगवेगळ्या खुणा असतात. काही खुणांनी गुंडाळी घट्ट होते, काहींनी सैल. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही, कारण वाचणारी यंत्रणा तिथे पोचतच नाही.

या खुणांची खरी गंमत म्हणजे त्यांचीही नक्कल होते. डीएनएची नक्कल झाल्यावर जुन्या धाग्यावर मिथाइलच्या खुणा असतात आणि नव्यावर नसतात. एक विकर, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारे प्रथिन, अशा अर्धवट खुणा असलेल्या जागा शोधते आणि नव्या धाग्यावर त्या भरून काढते. त्यामुळे यकृताच्या पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोन्ही यकृताच्याच राहतात.

हे डोळ्यांनी बघायचे असेल तर काळे-केशरी ठिपके असलेली मांजर बघा. अशी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि मांजराच्या केसांचा केशरी किंवा काळा रंग एक्सवरच्या जनुकावर ठरतो. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनांतले एक एक्स बंद करते. कोणते, ते त्या पेशीपुरते नशिबावर. पण एकदा बंद केले की तिच्या सगळ्या वंशज पेशींत तेच बंद राहते. म्हणून केशरी ठिपका म्हणजे ज्या पेशींनी काळ्याचे एक्स बंद केले त्यांचे वंशज, आणि काळा ठिपका त्याच्या उलट. मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडले. दोन्ही ठिपक्यांतल्या पेशींतली अक्षरे सारखीच असतात.

नक्कल करणारे

पेशी विभागण्याआधी सगळी प्रत उतरवावी लागते. दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा बांधला जातो. म्हणजे प्रत्येक नव्या प्रतीत एक धागा जुना आणि एक नवा. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणूंना जड नायट्रोजनवर वाढवून, मग साध्या नायट्रोजनवर आणून, डीएनएचे वजन कसे बदलते ते पाहून हे सिद्ध केले.

माणसाच्या पेशीत नक्कल करणारे विकर सेकंदाला ५० अक्षरांच्या आसपास लिहिते. आपले सर्वात मोठे गुणसूत्र सुमारे २५ कोटी अक्षरांचे आहे. एका टोकापासून सुरू केले तर जवळजवळ दोन महिने लागतील. प्रत्यक्षात सगळे काम आठ तासांच्या आसपास संपते, कारण नक्कल एकाच वेळी हजारो ठिकाणांहून सुरू होते.

जुन्या पोथ्या उतरवणारा लहिया कितीही सावध असला तरी पाठभेद राहायचेच. पेशीतला लहिया पहिल्या फटक्यात लाखात एखादे अक्षर चुकतो. पण तो लिहितानाच मागे वळून पाहतो आणि चुकीचे अक्षर बसले असेल तर काढून टाकतो. त्यानंतर दुसरे पथक येऊन न जुळणाऱ्या जोड्या शोधते. एवढे सगळे झाल्यावर उरलेली चूक अब्जात एक किंवा त्याहूनही कमी. जी चूक उरते ती पुढच्या सगळ्या प्रतींत जाते. प्रत्येक नवजात बाळात आई-वडील दोघांकडेही नसलेले असे साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. पण शरीराच्या एखाद्या पेशीत वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकांतच अशा चुका साठत गेल्या तर कर्करोग होऊ शकतो. आणि चुका मुळीच झाल्या नसत्या तर उत्क्रांतीला बदलायला काही मिळालेच नसते.

‘प्रत्येक पेशीकडे पूर्ण प्रत’ या नियमाला अपवाद आहेत, ते इथेच सांगून टाकतो. परिपक्व तांबड्या रक्तपेशी केंद्रकच टाकून देतात, त्यांच्याकडे प्रतच नसते. अंडी आणि शुक्राणूंत एकच संच असतो, आणि तोही आई-वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलून-बदलून तयार केलेला. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तर मूळ प्रतच कापतात: काही तुकडे ठेवतात, मधले फेकून देतात आणि उरलेले जोडतात. त्यामुळे अशा लाखो पेशींत लाखो वेगळी प्रतिपिंडे तयार होतात आणि पूर्वी कधी न आलेल्या जंतूलाही कोणीतरी ओळखते. सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवले आणि १९८७ चे नोबेल मिळवले. वाइजमन यांना हे कळले असते तर, वेगळ्या अर्थाने का होईना, त्यांना थोडे समाधान मिळाले असते.

आणि केंद्रकाबाहेरही एक छोटी प्रत असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत स्वतःचा गोल डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा. तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. तंतुकणिका कोणे एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिल्या, त्याची ही खूण.

शेजाऱ्याकडून

आतापर्यंतची देवाणघेवाण वरून खाली होती, जुन्या पेशीकडून नव्या पेशीकडे. जिवाणू हा नियम पाळत नाहीत. त्यांच्यात माहिती आडवी जाते, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, कधी कधी वेगळ्याच जातीच्या शेजाऱ्याकडूनही.

हे पहिल्यांदा दिसले ते १९२८ मध्ये. फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंचे दोन प्रकार उंदरांना टोचत होते. एकाला गुळगुळीत आवरण होते आणि तो उंदराला मारायचा. दुसऱ्याला आवरण नव्हते आणि तो निरुपद्रवी होता. मारक प्रकार उष्णतेने मारून टोचला तर उंदीर जगायचे. पण मेलेले मारक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू एकत्र टोचले तेव्हा उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात आवरण असलेले जिवंत जिवाणू सापडले. मेलेल्यांकडून जिवंतांनी काहीतरी उचलले होते. १९४४ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी दाखवले की ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए. दुर्लक्षित रेणूचे दिवस पालटले ते इथून.

जिवाणूंकडे आणखी दोन मार्ग आहेत. विषाणू एका जिवाणूतून बाहेर पडताना चुकून त्याच्या डीएनएचा तुकडा घेऊन जातो आणि पुढच्या जिवाणूत सोडतो. दुसरा मार्ग थेट भेटीचा. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी तो १९४६ मध्ये शोधला. एक जिवाणू बारीक नळीसारख्या धाग्याने दुसऱ्याला जवळ ओढतो आणि प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएची प्रत त्याला देतो. देणाऱ्याकडचे काही कमी होत नाही, त्याची स्वतःची प्रत तशीच राहते. आता दोघेही तीच प्रत पुढे वाटू शकतात.

या सवयीची किंमत जपानमध्ये १९५० च्या दशकात कळली. हगवणीचे जिवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले. चार वेगवेगळे बदल एकाच जिवाणूत एकाच वेळी आपोआप घडण्याची शक्यता नगण्य. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की ही प्रतिकारशक्ती आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूकडून हगवणीच्या जिवाणूकडे अख्खीच्या अख्खी जाऊ शकते. चारही जनुके एकाच प्लास्मिडवर होती. प्रतिजैविक घेतल्यावर पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंत प्रतिकार तयार झाला तर काय बिघडले, असे कोणी विचारले तर उत्तर हे आहे: ते जिवाणू तो स्वतःपुरता ठेवत नाहीत.

आपल्या पेशी अशा उदार नाहीत. यकृताची पेशी शेजारणीला जनुके देत नाही. ती संप्रेरके आणि इतर रासायनिक संदेश पाठवते, फार तर पातळ पडद्याच्या सूक्ष्म पुड्यांतून आरएनएचे तुकडे. मूळ प्रत ज्याची त्याच्याकडे. तरी आपल्यातही आडव्या मार्गाने आलेला बराच मजकूर आहे. रेट्रोव्हायरस हे विषाणू आपली जनुके यजमानाच्या डीएनएत घुसवतात. लाखो वर्षांपूर्वी त्यांतले काही आपल्या पूर्वजांच्या अंड्यांच्या किंवा शुक्राणूंच्या पेशींत घुसले आणि तिथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. मानवी डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. बहुतेक मोडीत निघालेला, पण सगळा नाही. गर्भाला आईशी जोडणारी वार तयार होताना काही पेशी एकमेकींत मिसळून सलग थर बनवतात. त्यासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन ज्या जनुकापासून बनते ते मुळात एका विषाणूचे, पेशीत घुसण्यासाठी वापरलेले जनुक होते.

या वारेतून आणखी एक देवाणघेवाण होते, आणि तिथे जनुकांऐवजी पेशीच जातात. गर्भाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिचे शरीर त्या सगळ्याच नष्ट करत नाही. स्त्रीच्या स्वतःच्या पेशींत वाय गुणसूत्र नसते, त्यामुळे तिच्या रक्तात ते सापडले तर पेशी बाहेरून आली हे लगेच कळते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलगा झालेल्या एका आईच्या रक्तात अशा पेशी सापडल्या. मुलाच्या जन्माला तेव्हा २७ वर्षे झाली होती.